तीन ऋतू, पाचशे प्रती



मी शाळेत मराठी शिकवतो आणि घरी आम्ही नवरा-बायको मिळून एक छोटं प्रकाशन चालवतो. छोटं म्हणजे किती? वर्षाला दोन-तीन पुस्तकं, एकेका पुस्तकाच्या ५०० प्रती. कार्यालय, गोदाम सगळं आमच्या मागच्या खोलीतच.

शाळेसारखंच आमचं वर्षही जूनमध्ये सुरू होतं. पावसाळा म्हणजे हस्तलिखितं वाचायची आणि मुद्रितं तपासायची. ऱ्हस्व-दीर्घ शोधता शोधता चहा गार होतो. छपाई मात्र या दिवसांत नकोशी वाटते. कागद हवेतला ओलावा पितो, शाई लवकर वाळत नाही, मुखपृष्ठं वाकडी होतात. पुढे दिवाळी येते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपराच सुरू झाली. ती आम्हालाही प्रिय आहे, पण त्या काळात छापखाने अंकांत इतके गुंतलेले असतात की आमच्यासारख्यांचा नंबरच लागत नाही. म्हणून आमची पुस्तकं हिवाळ्यात येतात. प्रदर्शनात टेबल मांडून बसायचं. लोक पुस्तक चाळतात, किंमत पाहतात आणि हळूच खाली ठेवतात. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, विक्री जरा बरी होते. उन्हाळ्यात हिशेब, उधारीची वसुली आणि दुकानांतून परत आलेले गठ्ठे.

एका वर्षी असेच परत आलेले गठ्ठे मी जमिनीवरच ठेवले. फळ्या ठोकून घ्यायचा खर्च वाचवला होता ना! जुलैत एका रात्री खोलीत पाणी शिरलं. सकाळी पाहिलं तर एका कवीच्या पहिल्याच संग्रहाच्या १४० प्रती भिजलेल्या. चूक सर्वस्वी माझी होती. त्यांना फोन करायला मला दोन दिवस लागले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, "सर, रद्दीत मात्र देऊ नका."

आम्ही पंख्याखाली पानं वाळवली. विकता येण्यासारखी एकही प्रत उरली नाही, पण वाचता येतील अशा चाळीसेक निघाल्या. त्या मी सातवीच्या वर्गात नेल्या. डाग पडलेली, फुगलेली पुस्तकं पाहून मुलं आधी हसली. मग वाचू लागली. तासाच्या शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, हे कवी कधी वारले?"

मी चपापलो. कवी म्हणजे होऊन गेलेला माणूस, असंच तिला वाटत होतं. इतकी वर्षं जन्म-मृत्यूची सनं पाठ करून घेणारा मीच तर होतो!

पुढच्या शनिवारी ते कवी एसटीने आमच्या शाळेत आले. मुलांनी त्यांना विचारलं, खोडता का? चुकता का? पैसे मिळतात का? शेवटच्या प्रश्नाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही हसलो.

तो तोटा अजून पुरता भरून निघालेला नाही. फळ्या मात्र त्याच आठवड्यात ठोकून घेतल्या. प्रकाशन का चालवता, असं कोणी विचारलं की मला ती मुलगी आठवते.

तुम्हाला एकच विनंती. या वर्षी आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या लेखकाचं पुस्तक विकत घ्या आणि मुलांना त्यांची भेट घडवून आणा. लिहिणारी माणसं आपल्यातच राहतात, हे मुलांना कळायला हवं.