मान मागे, मान पुढे

वऱ्हाडात कापूस फुटतो दिवाळीच्या आगेमागे आणि घोळणा फुटतो मे महिन्यात. पहिल्याला भाव मिळेलच असे नाही. दुसऱ्याला हमखास मिळतो.

२०२० च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर गेला होता. अशा हवेत जिथे माठ कोरडा पडतो तिथे नाकाची काय कथा? आतली ओल आटते, खपली धरते, आणि खपली दिसली की पोराचे बोट तिथे जाणारच.

माझे घर अमरावतीचे, सासर अकोल्याचे. अंतर शंभरेक किलोमीटर, पण घोळण्याच्या बाबतीत दोन घराणी. आमचे कांदा फोडून नाकाशी धरणारे, सासरचे दूर्वांचा रस नाकात सोडणारे. एका मुद्द्यावर मात्र दोघांचे एकमत : मान मागे!

मेहुणीच्या लग्नात भर मांडवात एका भाच्याचा घोळणा फुटला. "पोट्ट्याचं नाक फुटलं ना बाप्पा!" एकाने मान मागे ओढली, दुसऱ्याने हात वर धरला, तिसऱ्याने डोक्यावर तांब्या ओतला. "काहून पाहून राहिले जवाईबापू? कांदा आना!" तेवढ्यात पोराला रक्ताची उलटी झाली आणि मांडवात रडारड. प्रत्यक्षात मान मागे केल्यामुळे गिळलेलेच रक्त ते!

बायकोची मामेबहीण नर्स आहे. तिने पोराला बसवले, पुढे वाकवले, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगितला. "जिजाजी, घड्याळ पहा. दहा मिनिटं. मधात चिमटी सोडायची नाही."

दहांतले नऊ घोळणे नाकाच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढच्या बाजूला फुटतात. बारीक रक्तवाहिन्या तिथे येऊन मिळतात. नाकातला राजकमल चौकच म्हणा! अमेरिकेच्या लिटल नावाच्या सर्जनने १८७९ साली या जागेचे वर्णन केले, १८८४ साली कीसेलबाख नावाच्या जर्मन डॉक्टरने केले, आणि आपल्याकडच्या चौकांसारखी तिलाही दोन नावे पडली. चिमटी म्हणजे त्या चौकातला वाहतूक पोलीस. वरचे हाड दाबणे म्हणजे पोलिसाने गल्लीत उभे राहणे.

पण वऱ्हाडात दहा मिनिटे काहीही न करणे फार कठीण. दर मिनिटाला कोणीतरी, "थांबलं काय? पाहू द्या ना जरासं." आणि पाहायला चिमटी सोडली की घड्याळ पुन्हा शून्यावर. अकराव्या मिनिटाला रक्त थांबले. श्रेय अमरावतीने कांद्याला दिले, अकोल्याने दूर्वांना.

गंमत इथवरच. गेल्या जानेवारीत रात्री सासऱ्यांचे नाक वाहू लागले. वय शहात्तर, हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. "काही नाही होत, निजतो," म्हणून ते खाटेकडे निघाले. मी त्यांना बसवले, मान पुढे, चिमटी. पंधरा मिनिटे, पुन्हा पंधरा. थांबेना. अर्ध्या तासाने न थांबणारे, डोक्याला मार लागल्यावर येणारे किंवा अशा गोळ्या घेणाऱ्याचे वाहते नाक हे घरचे काम नव्हे. ऑटो बोलावला.

डॉक्टरांनी नाकात पट्टी भरली. म्हणाले, "निजले असते तर रक्त घशातून उतरत राहिलं असतं आणि सकाळपर्यंत कोणाला कळलं नसतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. नाक शिंकरू नका. आणि आज गरम चहा नाही."

सासरे माझ्याकडे वळले. "रक्त गेलं त्याचं काही नाही जवाईबापू, पण चहा काहून?"