तेलाचा भाव जिथे हलतो, ती गल्ली

व्हिएन्नाला जाणारा आपला माणूस काय काय बघणार, ते ठरलेलं असतं. शोनब्रुनचा राजवाडा, मोझार्टच्या नावाची चॉकलेटं, खिसा गरम असेल तर ऑपेरा. माझं ऐका, यातून अर्धा तास काढा आणि हेल्फरस्टॉर्फर श्ट्रासेवर एक चक्कर मारा. नाव उच्चारताना जीभ अडखळते हे मान्य, पण तुमच्या बाइकच्या टाकीचं या गल्लीशी जुनं नातं आहे.

ट्रामने शॉटनटोरला उतरायचं. समोर व्हिएन्ना विद्यापीठ, पलीकडे चर्चचे दोन उंच मनोरे, पाठीवर सॅक टाकलेली पोरंपोरी. तिथून आत वळलात की पाचेक मिनिटांत १७ नंबरची इमारत येते. ही ‘ओपेक’ची, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेची कचेरी. २०१० पासून ती इथे आहे. ना तेलाचा वास, ना वाळवंटी थाट. आपल्या फोर्टमधल्या एखाद्या जुन्या बँकेसारखी गंभीर, आब राखून उभी. गंमत म्हणजे ऑस्ट्रिया स्वतः या संघटनेत नाहीच. १९६० मध्ये इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला हे पाच देश बगदादला एकत्र आले. पहिली काही वर्षं कचेरी जिनिव्हात होती, १९६५ मध्ये ती इथे आली.

आता मुद्द्याचं. इथे तेलाचा भाव ठरतो असं आपण सर्रास म्हणतो, पण भाव ठरतो लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात. इथे ठरतं ते जमिनीतून किती तेल काढायचं नाही, हे. लासलगावला आवक घटली की दादरच्या मंडईत कांदा कसा चढतो, तसंच. फरक एवढाच की शेतकऱ्याचा कांदा सडतो, यांचं तेल जमिनीत आरामात पडून राहतं. ही कल्पनासुद्धा यांची स्वतःची नव्हे बरं का! किती तेल काढायचं याचा कोटा ठरवण्याचं काम अमेरिकेतल्या टेक्सासचं रेल्वे कमिशन १९३० च्या दशकापासून करत होतं. व्हेनेझुएलाचे मंत्री पेरेझ अल्फोन्सो यांनी ते पाहिलं आणि उचललं.

हत्यार किती धारदार आहे, ते १९७३ मध्ये जगाला कळलं. अरब देशांनी पुरवठा आवळला आणि तीन डॉलरच्या आसपासचं बॅरल काही महिन्यांत जवळपास बारावर गेलं. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये कार्लोस नावाच्या दहशतवाद्याने मंत्र्यांची बैठक चालू असतानाच ओपेकच्या कचेरीवर हल्ला केला. तिघांचा जीव गेला, मंत्र्यांना ओलीस धरून विमानाने अल्जियर्सला नेलं. ती जुनी कचेरी विद्यापीठाच्या समोरच, रिंग रोडवर होती. म्हणजे तुम्ही ट्राममधून उतरलात ना, तिथून हाकेच्या अंतरावर!

पण हे लोक म्हणतील तसं जग नाचतं, असं समजू नका. कोटा ठरवायचा सगळ्यांनी आणि पाळायचा एकट्याने, ही सौदीची जुनी रड. ऐंशीच्या दशकात भाव टिकवण्यासाठी सौदीने आपलं उत्पादन दिवसाला एक कोटी बॅरलवरून पंचवीस लाखांच्याही खाली आणलं. बाकीचे मजेत तेल विकत राहिले. शेवटी सौदी वैतागला, नळ सोडला आणि १९८६ मध्ये भाव तीसवरून दहा डॉलरच्या आसपास कोसळला.

या सगळ्यात माझं आवडतं पात्र म्हणजे अली अल-नाइमी. १९९५ ते २०१६ सौदीचे तेलमंत्री. बैठकीसाठी आले की सकाळी रिंग रोडवर झपाझप चालायला निघायचे. वय सत्तरीच्या पुढे, आणि मागे धापा टाकत पळणारे पत्रकार. आजोबांच्या तोंडून एखादा शब्द निसटला तरी बाजार हलायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या शेल तेलाने बाजार भरलेला असताना ‘कपात नाही’ असा निर्णय इथेच झाला. त्या जूनमध्ये ११० डॉलरच्या वर असलेलं ब्रेंट जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली होतं. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये याच इमारतीत कपात ठरली, आणि त्या एका दिवसात भाव आठ टक्क्यांहून जास्त उसळला. पाठोपाठ रशियाही सोबतीला आला.

रशियाची ही दोस्ती मार्च २०२० मध्ये इथेच फिसकटली. शुक्रवारी बैठक मोडली, सोमवारी भाव जवळपास एक चतुर्थांश घसरला. महिन्याभरात पुन्हा गळाभेट आणि दिवसाला ९७ लाख बॅरलची कपात. तरीही २० एप्रिलला अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर गेला! घेणाराच नसेल तर नळ बंद करून तरी काय होणार?

आता तुम्ही विचाराल, तेव्हा आपल्याला पेट्रोल फुकट का नाही मिळालं? कारण भाव पडला तसं केंद्राने मार्च आणि मे २०२० मध्ये उत्पादन शुल्क वाढवलं. स्वस्ताई दिल्लीच्या तिजोरीत गेली. आपण ८५ टक्क्यांच्या आसपास कच्चं तेल बाहेरून आणतो, पण ओपेकच्या टेबलाशी आपल्याला खुर्ची नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी गल्ल्यावर थोडंच बसतं?

२०२० नंतर बऱ्याच बैठका ऑनलाइन होऊ लागल्या, त्यामुळे गल्लीत फार काही घडताना दिसणार नाही. फोटो काढा आणि रिंग रोडवरच्या कॅफे लांटमानमध्ये जा. फ्रॉइडसाहेबही तिथे यायचे. कॉफीसोबत पाण्याचा छोटा ग्लास येतो. खिडकीजवळची जागा मिळाली तर समोरून विजेवरच्या ट्राम जाताना दिसतील.