भाऊंची पेठ

मुलांना घेऊन पुस्तकखरेदीला सदाशिव पेठेत गेलो होतो. एकाने हळूच विचारलं, “सर, इथे आपलं काय?”

म्हटलं, आधी ही जागा बघ. इथे नायगाव नावाचं खेडं होतं. मग सदाशिवरावभाऊंच्या नावाने पेठ वसली. कात्रज उंचावर, म्हणून तिथल्या तलावाचं पाणी उतारानेच नळातून शहरातल्या हौदांत यायचं. हौद हा शब्द मुलांना घरचा. मशिदीत वजूला तोच.

भाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले. तोफा इब्राहिमखान गारद्याकडे होत्या. समोर अब्दाली, त्याच्याच धर्माचा. तरी त्याने भाऊंना सोडलं नाही. पकडला गेला, मारला गेला.

“मग त्याच्या नावाची पेठ कुठंय, सर?”

मी दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचत राहिलो.