"आमच्या आज्यांच्या काळात असलं काही नव्हतं" म्हणणाऱ्यांसाठी

गर्भपाताची बातमी टाकली की खाली एक तरी कमेंट येतेच, "पूर्वी असली थेरं नव्हती." होती, काका. फक्त त्याची बातमी व्हायची नाही. "ताप आला आणि गेली" एवढंच सांगितलं जायचं.

शंभर वर्षांपूर्वी आपलं पेण आणि रोहा कुलाबा जिल्ह्यात होतं. कायदा १८६० च्या भारतीय दंड विधानाचा. कलम ३१२ प्रमाणे बाईचा जीव वाचवायचं कारण सोडलं, तर गर्भपाताला तीन वर्षं कैद, पोटात मूल हलायला लागलं असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगारच. म्हणजे रक्त थांबत नसलं तरी तिला दवाखान्यात कोण नेणार? नेलं तर तुरुंग, नाही नेलं तर मसण.

हे गुपचूप कसं चालायचं, ते डॉ. मोदींच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात आहे. पहिली आवृत्ती १९२० ची. बांबूची काडी किंवा रुई, चित्रक, कण्हेरीची डहाळी, टोकाला चीक लावलेला कापूस. ती गर्भाशयात घालायची. कधी गर्भाशय फाटायचं, कधी आत सडायचं. पेनिसिलिन तेव्हा नव्हतंच.

यात बालविधवा किती असतील, विचार करा. म्हणून तर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. नको असलेलं गरोदरपणच टळलं तर हे मरणही टळेल, इतका साधा हिशोब. बदल्यात काय मिळालं? नोकरी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ चा खटला बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला.

गर्भपाताचा कायदा आला १९७१ मध्ये. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अविवाहित बाईलाही तोच हक्क.

मग प्रश्न मिटला का? तालुक्यात बातमीदारी करताना अजून ऐकतो, "नवऱ्याची सही आणा." कायद्यात असं कुठेही नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. तिचं नाव फोडणं हा गुन्हा आहे. पण सही मागितली की वाडीवरची बाई, नवरा लांब भट्टीवर असलेली, परत फिरते. ती जाते कुठे? कुणाच्या तरी गोळ्यांकडे, नाहीतर जडीबुटीकडे.

कायदा बदलून पन्नासहून जास्त वर्षं झाली. लाज आणि भीती मात्र १९२० चीच आहे, आणि बाई मरते ती त्यानेच.

एवढंच करा. घरात, शेजारी, वाडीवर कुणी अडचणीत असेल तर चार प्रश्न विचारू नका. सोबत चला, उपजिल्हा रुग्णालयात न्या. कुणी सही मागितली तर कायदा दाखवा. आणि ही पोस्ट आवडली नाही तरी चालेल, घरातल्या बायकांना वाचून दाखवा.