तंजावरच्या पानावरची कोशिंबीर

मे महिना आला की तंजावरचे ऊन सोसवेनासे होते. तमिळनाडूत या दिवसांना ‘अग्नी नक्षत्रम्’ म्हणतात. मेच्या पहिल्या आठवड्यापासून सुमारे साडेतीन आठवडे हा कडाका चालतो. दुपारी रस्ते ओस पडतात आणि दगडी ओसरीवर पाय ठेवला तरी चटका बसतो. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्ट्या असतात, लग्नमुंजी असतात आणि चेन्नई-बंगळूरला गेलेली मुलेबाळे घरी येतात. घरात पंधरा-वीस पाने मांडायची, पण चुलीपुढे तासन्तास उभे राहायचे नाही, हा प्रश्न तंजावरच्या गृहिणीलाही पडतो. तिचे उत्तर ऐकून मराठी माणसाला हसू फुटेल. ती कोशिंबीर करते!

कावेरीकाठचे मराठी राज्य

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. शेवटचे राजे निपुत्रिक वारल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने ते खालसा केले. पण राजांबरोबर आलेली कुटुंबे तिथेच राहिली. आजही त्यांच्या घरांत एक जुन्या वळणाची मराठी बोलली जाते. मात्र लिहिणे-वाचणे तमिळमध्येच होते.

गावात मराठीच्या खुणा जागोजागी आहेत. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ चा भोसले वंशाचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख आहे. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे गठ्ठे जपलेले आहेत. त्याच संग्रहात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ आहे. शरभेंद्र म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणारे सरफोजीराजे दुसरे. विद्येचा व्यासंग असलेल्या या राजाच्या मुदपाकखान्यातील पदार्थ त्यात लिहून ठेवले आहेत.

दगडावरचे आणि कागदावरचे मराठी असे सुरक्षित आहे. रोजच्या वापरातले मराठी मात्र स्वयंपाकघरात शोधावे लागते.

नाव एक, चव दोन

तमिळ घरांत ‘कोसंबरी’ असते. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, कैरी, ओले खोबरे आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी. रामनवमीला गुळाचे पानकम् आणि पातळ ताक यांच्याबरोबर ती वाटतात. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ असते, त्याची इथे आठवण व्हावी. डाळ वेगळी, पण उन्हाळ्याला दिलेले उत्तर एकच.

दुसरा पदार्थ तर थेट आपल्या घरातला वाटतो. त्याचे नाव ‘डांगर पचडी’. महाराष्ट्रात उडदाच्या पिठात दही, कांदा घालून डांगर करतात. तंजावरला तेच पीठ दह्यात सैलसर कालवतात. नावही तेच राहिले आहे. तिथली ‘रसवांगी’ ही वांग्याची भाजी नावातले वांगे सोडायला तयार नाही. सांबार मराठी राजांच्या मुदपाकखान्यात जन्मले असेही सांगतात. ती दंतकथा आहे, पण तंजावरकर ती हौसेने ऐकवतात.

पंधरा माणसांसाठी

कोसंबरी : दोन वाट्या मुगाची डाळ धुऊन दीड तास भिजवावी. मग चाळणीवर पूर्ण निथळू द्यावी. पाच मध्यम काकड्या बारीक चिराव्यात, दोन गाजरे व एक कैरी किसावी. एक वाटी ओले खोबरे, कोथिंबीर व चार हिरव्या मिरच्या घालाव्यात. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी करून ती निवल्यावर ओतावी. मीठ आणि लिंबू पाने मांडल्यावरच घालावे. आधी मीठ घातले तर काकडीला पाणी सुटते आणि पंगत बसेपर्यंत कोशिंबिरीचे सार होते!

डांगर पचडी : पाऊण वाटी उडदाची डाळ मंद आचेवर खमंग भाजून बारीक दळावी. सहा वाट्या ताजे दही घुसळून त्यात पीठ गुठळ्या न होता कालवावे. मीठ घालून वर मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्त्याची फोडणी द्यावी. ठेवल्यावर पीठ फुगते व पचडी घट्ट होते. अशा वेळी थोडे ताक घालावे. दही आंबट नको, नाहीतर लहान मुले हात लावत नाहीत.

चिरणे-किसणे सकाळीच उरकून भाज्या झाकून गार जागी ठेवाव्यात. कालवलेली कोशिंबीर उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. उरली तर रात्रीच्या जेवणासाठी जपण्याचा मोह टाळावा.

डावी बाजू

महाराष्ट्रात कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात. तंजावरला ती केळीच्या पानाच्या वरच्या भागात येते. जागा बदलली, तसे बरेच काही बदलले. शेंगदाण्याच्या कुटाच्या जागी खोबरे आले, भाकरी गेली आणि भात आला. नवी पिढी शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडते. तिथे घरची बोली ऐकू येत नाही. पुढच्या पिढीच्या तोंडी ती किती राहील, ही वडीलधाऱ्यांची काळजी खोटी नाही.

सुट्टीत मात्र सगळे एका पंगतीत बसतात. नातवंडे आपसात तमिळमध्ये बोलतात, इंग्रजीत भांडतात. पण आजीच्या हातचे ते पांढरेशुभ्र कालवण पुन्हा हवे झाले, की त्याला दुसरे नावच नसते. मग ‘डांगर’ म्हणूनच मागावे लागते.

तंजावरला जायचे तर चेन्नईहून रात्री रेल्वेने निघून सकाळी पोहोचता येते. मंदिर, राजवाडा आणि ग्रंथालय पाहावेच. शक्य झाल्यास एखाद्या मराठी घरी जेवावेही. आणि जाणे जमले नाही, तर येत्या रविवारी घरची माणसे जमतील तेव्हा पाऊण वाटी उडदाची डाळ भाजायला घ्यावी.