सुषिर

शब्दांचीं मुळें शोधण्याचें व्यसन मला विद्यार्थिदशेंत लागलें, आणि पुढें इंग्रजी शिकविण्याचाच धंदा पत्करल्यामुळें तें सुटण्याचा संभव उरला नाहीं. अनोळखी शब्द भेटला कीं त्याचें कुळ-गोत्र विचारल्याखेरीज मला चैन पडत नाहीं. म्हणूनच गेल्या पावसाळ्यांत आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं घसरली, तिच्या खुब्याचें हाड मोडलें, आणि डॉक्टरांनीं क्ष-किरणांचें चित्र उजेडासमोर धरून 'ऑस्टिओपोरोसिस' असा शब्द उच्चारला, तेव्हां माझें मन क्षणभर आईला सोडून त्या शब्दामागें धांवलें.

'ऑस्टिऑन' म्हणजे हाड आणि 'पोरोस' म्हणजे वाट किंवा छिद्र. दोन्ही शब्द ग्रीक. स्ट्रासबर्गच्या जाँ लोबस्टाइन या विकृतिशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांची सांगड घातली. आपल्याकडे या रोगाला 'अस्थिसुषिरता' म्हणतात. सुषिर म्हणजे पोकळ. बांसरी आणि सनई हीं सुषिर वाद्यें. वाग्भटानें तर अष्टांगहृदयांत मज्जाक्षयाचें लक्षण म्हणून अस्थींच्या सौषिर्याचा उल्लेख केला आहे. हें सारें मीं आईच्या खाटेशीं बसून मोठ्या उत्साहानें तिला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "अरे, पण हीं भोकें पडायला लागलीं कधीं?"

या प्रश्नाचें उत्तर माझ्या कोशांत नव्हतें. तें डॉक्टरांनीं दिलें. हाड म्हणजे कांहीं भिंतींतली वीट नव्हे. जुनें हाड झिजविणाऱ्या पेशी आणि नवें रचणाऱ्या पेशी यांचें काम आयुष्यभर जोडीनें चालूं असतें. तिशीच्या सुमारास हाडाचा सांठा पुरा भरतो. पुढें, आणि स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर विशेष वेगानें, मोडणें जोडण्याच्या पुढें जातें. निरोगी हाडही आंतून जाळीदारच असतें. रोग छिद्रें असण्यांत नाहीं, तीं रुंदावत जाऊन मधल्या भिंती विरळ होण्यांत आहे. आणि हाड मोडेपर्यंत तें दुखत नाहीं. १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या रोगाची आंकड्यांत व्याख्या केली: हाडांची घनता तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीहून अडीच प्रमाण विचलनें किंवा त्याहून अधिक खालीं असणें.

मला आंकड्याची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वीं फडताळाच्या वरच्या फळीवरील डब्याला आईचा हात पोंचेना. तिनें तो खालच्या फळीवर आणला. पुढें तिच्या पातळाच्या निऱ्या जमिनीवर लोळूं लागल्या. "म्हातारपणीं माणूस लहानच होत जातं," ती हंसून म्हणाली, आणि तें वाक्य मला इतकें आवडलें कीं मीं तें वर्गांत दोनदां सांगितलें. तिचे मणके एकेक करून दबत होते, त्याची ती खूण होती. मीं तिला सुभाषित मानलें.

आतां आई काठी घेऊन चालते. परवां मी तो डबा पुन्हां वर ठेवूं लागलों, तर म्हणाली, "असूं दे रे. तुझाही हात पोंचेनासा होईल, तेव्हां उपयोगी पडेल." या खेपेस मीं वाक्य टिपून घेतलें नाहीं. तिला भिंतीशीं उभी केली आणि डोक्याच्या वर खडूनें रेघ ओढून खालीं तारीख घातली. लहानपणीं ती माझी उंची अशीच मांडून ठेवीत असे.