काळ्या मातीचे बैल

पोळा जवळ आला की आमच्या अंगणवाडीत तक्ते भिंतीवरच राहतात आणि मातीचं घमेलं मधोमध येतं. पूर्णा तालुक्यातलं गाव, माती कुणाकडे मागावी लागत नाही. मदतनीस ताई बांधावरून काळी आणतात, खडे वेचतात, पाणी मारून गोणपाटाखाली झाकतात. दुसऱ्या दिवशी पोरं तुटून पडतात.

काळी माती कापसाला चांगली, बैलाला वाईट. ओलीत फुगते, वाळताना आकसते. सकाळचा बैल दुपारी पाठीवर चिरतो. चार वर्षांच्या एकाचा असाच चिरला. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. त्यानं बोटानं भेग चाचपली आणि सांगून टाकलं, "म्हातारा झालाय ह्यो." शेजारच्या मुलीला म्हातारा बैल नको होता. तिच्या आजीनं तोड सांगितली : मातीत कापूस कालव. मग देवाच्या वातीचा कापूस आला, पिंजून मातीत मळला गेला. खिचडी निवून गेली तरी बाईसाहेब उठेनात. बैल टिकला. शिंग मात्र एकच, दुसऱ्याचा कंटाळा आला.

पालकांचा तगादा वेगळा. "बाई, लेकराला ए बी सी डी कधी येनार? मातीत घरीबी खेळतंय की." मी वाद घालत नाही, लेकराच्या हातात पेन्सिल देते. तीन वर्षांचं मूल ती मुठीत धरतं. चिमटीत जोर येतो तो मळण्यातून, कागद फाडण्यातून. हे पालकांना पटतं, म्हणून सांगते. मला स्वतःला बोटांपेक्षा बोलण्याचं अप्रूप. ऊसतोडीहून परतलेली एक मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. तिनं मातीची कोपी, म्हणजे फडावरची झोपडी केली, चूल बाहेर मांडली. दार मोठं कर, असं एकानं सुचवलं, तर फटकन म्हणाली, "वाकूनच जावं लागतंय तिथं." मग फडावरचं बरंच काही सांगितलं, बैलगाडीसकट.

मातीतून शिकवणं काही नवं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. बिया, पानं, माती, शिंपले हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य. आमच्याकडे समुद्र नाही, शिंपल्यांच्या जागी चिंचोके.

रंगही घरचेच : गेरू, हळद, कोळसा. यंदा शिंगांना लाल हवा होता. हळदीत चुन्याची निवळी मीच घातली, चुना पोरांच्या हाती देत नाही. पिवळं बघता बघता लाल झालं आणि बैल राहिले बाजूला. प्रत्येकाला आपापल्या वाटीत ते पुन्हा करून हवं होतं. हळदीचा डबा रिकामा झाला.

छापील आंब्यांचे कागदही आहेत आमच्याकडे, रेघेच्या आत पिवळा रंग भरायचे. ते कपाटात असतात. कुणी पाहणीला येणार असलं की काढते.